क्लच वहिनींनी बसवला

वहिनी,

परवा तुमचा दहावा झाला. नळगंगा नदीवरून परत येऊन माणसं ओसरीवर बसली होती. दादा खांबाला टेकून बसला होता, खांद्यावरचा ओला पंचा तसाच. तेव्हा मलकापूरचे एक पाहुणे म्हणाले, "वामनराव, तुमच्यासारखा मिस्त्री म्या नाई पाह्यला. हात मोडेल होता, तरी एकट्यानं मोटारीचा क्लच बसवला. अजून लोकं सांगतात."

दादानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्यानं मला यावरून एकदाही टोकलं नव्हतं, तेव्हाही टोकलं नाही. नुसतं पाहिलं.

मी म्हणालो, "क्लच वहिनींनी बसवला. दादानं खाटेवर बसून सांगितलं, मी हातात सामान दिलं. काम त्यांचं."

मग पाहुणे समजुतीच्या सुरात म्हणाले, "हाव मास्तर. गेलेल्या मानसाबद्दल चांगलंच बोलाव." बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हणजे मी खरं बोललो आणि त्यांनी तो दुःखाचा भर समजून सोडून दिला. चार वर्षांपूर्वी खोटं पटकन पटलं होतं, खरं एका वाक्यात पटेना.

म्हणून लिहायला बसलो आहे. तुमच्याशीच बोलतो, कारण तुम्हाला उद्देशून लिहिताना मला वाढवूनही सांगता येणार नाही आणि लपवूनही.

आपली मोटार तुम्हाला आठवत असेलच. कापडी टपाची, जिनिंगच्या एका साहेबानं वापरून टाकलेली. दादानं ती घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. लग्नाच्या वराती, कचेरीचे पक्षकार, बाळंतिणी, सगळ्यांना तिनं वाहिलं. दादा तिच्याखाली शिरला की तुम्ही बाहेर उकिडव्या बसून पाने द्यायचात. त्यानं "बारीक" म्हटलं की कुठला बारीक हे तुम्हाला कळायचं. मला वाटायचं, नवऱ्याला हाताखाली मदत करताहेत. तुम्ही वाकून आत काय पाहत होता, हे मी कधी पाहिलंच नाही.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर आलं आणि सामान मिळेनासं झालं. त्याच हिवाळ्यात मोटार सुरू करताना हँडल उलट फिरलं आणि दादाचं उजवं मनगट मोडलं. वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिना हात हलवू नका म्हणून सांगितलं. तेवढ्यापुरता एक बदली ड्रायव्हर ठेवला. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याचा डावा पाय सारखा क्लचवर असे. तुम्ही पहिल्याच दिवशी दादाला म्हणालात, "पाय उचलत नाई तो. प्लेट जाळन." दादानं त्याला सांगितलं, त्यानं हो म्हटलं, आणि पाय तिथंच ठेवला.

महिन्याभरात राजूरच्या घाटात मोटार थांबली. इंजिन ओरडतंय, चाकं हलत नाहीत आणि जळक्या चिंध्यांचा वास. क्लच जळला होता. बैलजोडी लावून ती खाली आणली आणि मागच्या गुरांच्या कोठ्यात उभी केली. ड्रायव्हर त्याच दिवशी आपल्या गावी गेला तो परत आला नाही.

तो बुधवार होता. आणि पुढच्या सोमवारपासून तीन दिवस बुलढाण्याला सातवीची परीक्षा होती.

वाचणाऱ्यासाठी हे सांगायला हवं. माझ्या वर्गात त्या वर्षी पहिल्यांदा तीन मुली सातवीपर्यंत टिकल्या होत्या. एकेकीच्या घरी मी किती वेळा जाऊन बसलो होतो ते तुम्हाला माहीत आहे, कारण प्रत्येक वेळी माझं जेवण झाकून तुम्हीच ठेवलेलं असायचं. परीक्षा परगावी म्हटल्यावर तिघींच्याही घरून नकार आला. मुक्काम नको, बैलगाडीनं रोज घाट चढून जाणं-येणं शक्य नाही, आणि कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिसच्या लॉरीत पुरुषांच्या गर्दीत मुली बसवायच्या नाहीत. तेव्हा तुम्ही स्वतः तिघींपैकी यमुनेच्या घरी गेलात आणि तिच्या वडिलांना म्हणालात, "आमच्या मोटारीनं जातीन, दिवस मावळाच्या आत घरी येतीन. मी संग असन." तुमच्या शब्दावर ते तयार झाले. ते तयार झाले म्हणून बाकीचे दोघे.

आणि आता मोटार कोठ्यात मेलेली.

मी सायकल मारत मलकापूरला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं सांगितलं, लढाई सुरू झाल्यापासून त्यानं क्लचची नवी प्लेट डोळ्यांनी पाहिलेली नाही. त्याच्याकडे एका लॉरीच्या क्लच-प्लेटवर बसणारे दोन गोल पट्टे होते, विणलेल्या जाड कापडासारखे, आणि डबीभर तांब्याचे रिवेट. म्हणाला, "पट्टे मोठे हायेत. कापून बसवता आले तं पाहा. पन करनार कोन? तुमच्या भावाचा तं हात बांधेल हाय." त्याच्या पायाला सूज होती, त्याला येणं शक्य नव्हतं. मी पट्टे घेऊन आलो ते केवळ रिकाम्या हातानं परतायला लाज वाटली म्हणून.

दादानं ते पाहिले आणि बाजूला ठेवले. "मास्तर, गिअरबॉक्स उतरवा लागते. दोन मानसांचं काम हाय, अन् दोघंबी जानकार पाह्यजे."

तुम्ही चुलीपुढून उठलात. हात पुसत आलात आणि पट्टा उचलून उजेडात धरलात. म्हणालात, "मी उतरवते. तुमी सांगा."

दादा हसला नाही. हे मी त्याच्या बाजूनं नोंदवतो. हसलो मी.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "काऊन हसता भाऊजी? रोहिनखेडले माझा बाप बैलगाडीचा आख बदलताना दुसरा हात कोनाचा होता? आमाले भाऊ नाई."

गुरुवारी सकाळी कोठ्यातली जनावरं बाहेर बांधून तुम्ही दार आतून लावलंत. नऊवारीचा काचा घट्ट मारला, डोक्याला दादाचं जुनं धोतर गुंडाळलं आणि गोणपाट टाकून मोटारीखाली शिरलात. दादा खाटेवर बसून सांगायचा. आधी मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडायचा. मग पायाखालच्या फळ्या काढायच्या. मग गिअरबॉक्सचे बोल्ट. दादाला भीती होती त्या वजनाची. ते अंगावर आलं असतं तर बरगड्या राहिल्या नसत्या. तुम्ही बाहेर आलात, थोडा विचार केलात आणि कोठ्याच्या कोपऱ्यातली सागाची बल्ली मोटारीच्या दोन्ही दारांतून आडवी घातलीत. तिला जाड दोराचा नाडा बांधून गिअरबॉक्स झोळीसारखा टांगलात. दादानं विचारलं, "हे कोनी सांगतलं तुले?" तुम्ही म्हणालात, "हिरीतून मोट वढताना असंच करतेत ना. वजन तं वजन."

दुपारपर्यंत प्लेट हातात आली. तिचे पट्टे झिजून रिवेटच्या डोक्यापर्यंत आले होते आणि काळे पडले होते. मी पुढं होऊन नवा पट्टा उचलला, तुम्हाला द्यावा म्हणून. तुम्ही ओरडला नाहीत, पण आवाज असा काढलात की मी जागच्या जागी थांबलो. "तेलाचा हात लावू नका. याले तेल लागलं की हा कामातून गेला." मग तुम्ही मला राख आणि रिठा देऊन हात धुवायला पाठवलंत. सातवीला शिकवणारा मास्तर तुमच्यापुढे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवत उभा होता. तुम्ही ते नीट तपासलेत आणि पुन्हा एकदा धुवायला लावलेत.

शुक्रवार पूर्ण त्या पट्ट्यांत गेला. जुना पट्टा वर ठेवून कोळशानं रेघ मारली, करवतीच्या पात्यानं बाहेरची कड उतरवली, सुताराच्या गिरमिटानं भोकं पाडली. मग एकेक रिवेट. प्रत्येकाचं डोकं पट्ट्याच्या पोटात बुडालं पाहिजे, वर राहिलं तर लोखंडाला ओरखडेल, असं दादा सांगत होता. तीन-चार रिवेट झाल्यावर त्यानं सांगणं बंद केलं. नंतर तो नुसता ठोक्यांचा आवाज ऐकत होता. शेजारच्या काकू दाराबाहेरून ओरडल्या, "काय कुटून राह्यल्या व गोदाबाई?" तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "परीक्षेची तयारी चालू हाय."

शनिवारी बसवणी. प्लेट बरोबर मधोमध आली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. ती मध्ये धरायला गॅरेजात एक खास दांडा असतो म्हणे, तो आपल्याकडे नव्हता. तुम्ही बैलांच्या जुवाची एक लाकडी शिवळ, जाड खुंटीसारखी, घेतलीत, विळ्यानं तासलीत, कमी पडली तिथं चिंधी गुंडाळलीत आणि तिच्यावर प्लेट तोलून झाकणाचे बोल्ट आवळलेत. पण गिअरबॉक्स काही केल्या बसेना. मी वरून नाडा ओढायचो, तुम्ही खालून रेटायचात, आणि दोन बोटं अंतर राहायचं. दहा वेळा, पंधरा वेळा. तुमच्या कोपराला रक्त आलं होतं. दादाचा धीर सुटला. म्हणाला, "राहू दे. नाई व्हायचं तुह्याच्यानं. मास्तर, जा, पोरींच्या घरी सांगून ये."

मी खरंच चपला शोधायला लागलो होतो. वहिनी, हे मी कुणालाच कबूल केलेलं नाही. आत कुठंतरी मला हलकं वाटलं होतं. आता घरोघर जाऊन "गाडीच बिघडली" एवढं सांगितलं की माझं काम संपलं असतं.

तुम्ही बाहेर आलात, माठातलं पाणी प्यालात, भिंतीला टेकून बसलात. मग म्हणालात, "त्याचे दाते अन् याचे दाते समोरासमोर येत असतीन. रेटून काय फायदा? फिरवा लागते." दादा म्हणाला, "फिरवशीन कसं? आतून हात जात नाई." तुम्ही म्हणालात, "गिअरात टाकते. अन् मागून, दांडा जोडते तिथून फिरवते. मंग आतलंबी फिरन."

दादा हळू म्हणाला, "हाव. असंच करतेत. मी इसरलोच."

तुम्ही पुन्हा खाली गेलात. मागून केसभर फिरवलं, मी नाडा ओढला, आणि गिअरबॉक्स सुरकन आत गेला. काहीच झालं नव्हतं असा. तुम्ही गोणपाटावर पडल्या पडल्या हसलात. आवाज नव्हता, पोट हलताना दिसलं फक्त.

रविवारी संध्याकाळी यमुनेचे वडील आले. पाटील माणूस, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मास्तर, दुरुस्ती कोनी केली?" तुम्ही दाराआड होता. मी म्हणालो, "दादानं." ते म्हणाले, "हात बांधेल हाय ना?" मी म्हणालो, "डाव्या हातानं केली." ते खूश झाले. "वामनरावाचं काम म्हनल्यावर चिंता नाई."

खरं सांगितलं असतं तर त्यांनी मुलगी पाठवली नसती. हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. आत आलो तेव्हा तुम्ही भाकरी थापत होता. म्हणालात, "बरं केलं. पोरी पोचू द्या आधी."

सोमवारी सकाळी दादा उजवा हात गळ्यात अडकवून स्टिअरिंगवर बसला, डाव्या हातानं चाक धरायला. गिअर टाकायला हात उरला नव्हता, म्हणून तुम्ही त्याच्या डाव्या अंगाला बसलात. मी मागं तीन मुलींबरोबर. त्याआधी हँडल मी मारलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटं आलं तर हात सुटला पाहिजे, हे तुम्हीच मला दाखवलंत.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर कापसाच्या गाड्यांची रांग उतरत होती. थांबावं लागलं. चढावर, भरल्या गाडीनिशी. मागं दरी. मुली भूगोल पुटपुटत होत्या, त्यांनी पुस्तकं मिटली. शेवटची बैलगाडी गेली तेव्हा दादा म्हणाला, "पहिला टाक." तुम्ही टाकलात. "ब्रेकावर हात ठेव. म्हनीन तवा सोड." इंजिनचा आवाज वाढला. मी नाक पुढं करून वास घेत होतो. दादाचा पाय हळूहळू वर येत होता आणि तुमचा हात ब्रेकच्या दांड्यावर होता. तो "सोड" म्हणाला की नाही, मला ऐकू आलं नाही. तुम्ही सोडलात. मोटार एक वीतही मागं गेली नाही. जशी काही वरून कुणी ओढून घेतली, तशी पुढं निघाली. वास आला तो फक्त यमुनेच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा.

दादा समोर बघत म्हणाला, "पकडला." तुम्ही म्हणालात, "हाव." पुढं घाट संपेपर्यंत "दुसरा", "पहिला" याखेरीज तुम्ही दोघं बोलला नाहीत. पण मी मागून तुमचा कान पाहत होतो, तो लाल झाला होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सत्कार पाहिले. असा पाहिला नाही.

तीन दिवस आपण गेलो आणि आलो. मुली पास झाल्या. तिघीही.

निकालाच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "भाऊजी, आता पोरी पास झाल्या. आता सांगून टाका." मी म्हणालो, "सांगू." मग वेळ आली नाही. म्हणजे वेळ पुष्कळ आली, मी सांगितलं नाही. गोष्ट दादाच्या नावावर गावोगाव फिरली होती, आणि डाव्या हातानं क्लच बसवणाऱ्या माणसाचा भाऊ असणं मला आवडायला लागलं होतं. दादा लोकांना म्हणायचा, "घरच्यांनी मदत केली." त्यावर लोक आणखी कौतुक करायचे, किती नम्र म्हणून. दादा पुन्हा सांगत बसला नाही, माझा शब्द खोटा पडेल म्हणून. तुम्हीही पुन्हा म्हणाला नाहीत.

आपला दुसरा वाद मात्र तुम्ही सोडला नव्हता. तुम्हाला मोटार चालवायला शिकायची होती. दादा तयार होता. मी आडवा आलो. "मला शाळेत तोंड दाखवायचं असतं वहिनी," असं म्हणालो. तुम्ही विचारलंत, "पोरीले मोटारीत बसवून नेलं, तवा तोंड कुठी ठेवलं होतं?" मी चपला घालून बाहेर निघून गेलो. पुढं लढाई संपली, लॉऱ्या वाढल्या, दादानं मोटार विकली. वादाला जागाच राहिली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. गेल्या महिन्यात तुम्ही तापात होता तेव्हा रस्त्यावरून लॉरी गेली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "पाय क्लचवर हाय त्याचा." दादा रडला. मी तुमच्या उशाशी बसलो होतो, त्याच वेळी म्हणायला हवं होतं, की चुकलो. तुम्ही चालवली असती आणि गाव आठ दिवस बोललं असतं, नवव्या दिवशी बाळंतिणीला न्यायला तुमच्याच दारात आलं असतं. एवढं मला आज लिहिता येतं. तुम्ही होता तोवर जमलं नाही. माफी मागत नाही, कारण तुम्ही ती लगेच दिली असती आणि मी सुटलो असतो.

यमुना आता आपल्याच शाळेत पहिलीला शिकवते. तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गुरुजी, आम्हाले माहीत होतं. आम्ही तिघींनी गाडीत बसल्याबरोबर गोदाकाकूंच्या कोपराकडे पाह्यलं." म्हणजे ज्यांच्यासाठी मी खोटं बोललो त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्या तरीही बसल्या होत्या. कदाचित म्हणूनच बसल्या होत्या.

आज मी सातवीच्या वर्गात पुस्तक मिटून ही गोष्ट सांगितली. आता वर्गात मुली पुष्कळ आहेत. बल्लीचं सांगितलं, शिवळेचं सांगितलं, घाट सांगितला. मुलं घाटाच्या जागी खूश झाली. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र उभी राहिली. लोहाराची आहे, फार बोलत नाही. तिनं विचारलं, "गुरुजी, पट्टा तं कापडासारखा होता म्हनता. मंग रिवेट जास्ती ठोकला तं पट्टा फाटन, अन् कमी ठोकला तं ढिला राहीन. किती ठोकायचा हे त्याहिले कसं समजत होतं?"

वहिनी, मी पूर्ण शुक्रवार तुमच्या शेजारी बसलो होतो. एकेक रिवेट माझ्या हातानं तुम्हाला दिला. आणि हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

मी तिला सांगितलं, "मला माहीत नाही. त्यांना माहीत होतं."

ती खाली बसली नाही. उत्तराची वाट पाहत उभी राहिली.